भेगेमागचे पाणी

लोणावळ्यात जुने घर बघायला लोक बहुधा एप्रिल-मे महिन्यांत येतात. मुंबईत घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि इथे संध्याकाळी गार वारा सुटतो. अंगणातल्या आंब्याला कैऱ्या लगडलेल्या असतात, बंगल्याच्या भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो. घर मनात भरते आणि व्यवहार ठरतो. मग जून उजाडतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली एक काळपट रेघ उमटते. ती रंगाखाली आधीपासूनच होती. मे महिन्यात ती कोरडी होती, म्हणून कोणाच्या नजरेला पडली नाही.

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ६५ किलोमीटरवर असलेल्या लोणावळ्यात एकाच पावसाळ्यात तो आकडा ४,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. पडलेले सगळे पाणी जागच्या जागी साठले असते, तर तळमजल्याचे छतही त्यात बुडाले असते. ते साठत नाही, वाहून जाते. पण वाहताना काही भिंतीत शिरते, काही पायाखालून जाते, काही डोंगरउतारावरच्या मातीत मुरते. म्हणून मावळात जुने घर घेताना भेग दिसली की माझा पहिला प्रश्न भेगेविषयी नसतो. इथे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे मी आधी विचारतो.

आपल्या भाषेत भिंतीच्या दुखण्याला बरेच शब्द आहेत आणि ते नुसते समानार्थी नाहीत. केसासारखी बारीक ती चीर. बोटाला जाणवते ती भेग. अचानक आणि आरपार जातो तो तडा. दोन भाग एकमेकांपासून सुटले की फट. गवंडी याहून पुढचे बोलतात: ‘गिलावा सुटलाय’, ‘जोतं बसलंय’, ‘भिंतीला पोट आलंय’. या प्रत्येक वाक्यात एक निदान आहे. घर दाखवणाऱ्याने सगळ्यालाच ‘जरा क्रॅक आहेत, पुट्टी मारली की जातील’ असे म्हटले, तर त्या एका शब्दाखाली चार वेगळी दुखणी झाकली जातात.

भारतीय मानक संस्थेने १९८४ साली इमारतींमधल्या भेगांची कारणे आणि प्रतिबंध यांवर एक पुस्तिका काढली. अभियंते तिला ‘एसपी २५’ या नावाने ओळखतात. तिच्यात १ मिलिमीटरहून कमी ती बारीक भेग, १ ते २ मिलिमीटर ती मध्यम आणि २ मिलिमीटरच्या पुढे ती रुंद भेग, अशी विभागणी आहे. हे मोजायला उपकरण लागत नाही. दाढीचे पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते, एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचे, आगकाडी साधारण दोन मिलिमीटरची. भेगेत कार्ड शिरत नसेल तर ती बारीक, आगकाडी शिरली तर ती रुंद. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या वर्गवारीत ५ मिलिमीटरपर्यंतची भेग बहुतेक वेळा दिसण्यापुरतीच मानली जाते, २५ च्या पुढे गेलेल्या भेगेसाठी मात्र बांधकाम पाडून पुन्हा करण्याची वेळ येते. पण ते कोष्टक तिकडच्या विटांच्या घरांवरून आणि तिकडच्या मातीवरून बनलेले आहे. मावळात अर्ध्या मिलिमीटरच्या भेगेतूनही झडीचे पाणी आत येते आणि चार पावसाळ्यांत आतले लोखंड कुजते. रुंदी बघावीच, पण तेवढ्यावर निवाडा करू नये.

आता जमिनीकडे वळू. मावळातल्या बहुतेक भेगांचे मूळ तिथेच सापडते.

लोणावळा-खंडाळ्याच्या उतारावर सपाट जागा अशी फार कमी. बंगला बांधायचा तर डोंगराच्या बाजूची जमीन खणायची आणि निघालेली माती दरीच्या बाजूला टाकून सपाटी करायची. घर उभे राहते ते निम्मे कापलेल्या घट्ट मुरमावर आणि निम्मे भरावावर. मुरूम जागचा हलत नाही. भराव मात्र पहिल्या काही पावसाळ्यांत भिजून भिजून दबतो आणि त्याच्याबरोबर घराची दरीकडची बाजू खाली बसते. बसण्याचे प्रमाण इंचभराचेही नसेल, पण भिंतीला लवचीकपणा ठाऊक नसतो. सगळे घर सारखे इंचभर बसले, तर एकही भेग पडणार नाही. निम्मे बसले आणि निम्मे राहिले, तर ती पडणारच. तेव्हा उतारावरच्या घराभोवती फिरताना आधी हे ओळखावे की खणलेला भाग कुठे संपतो आणि भराव कुठे सुरू होतो. भेग बरोबर त्या सीमेवर असेल, तर तिचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

खाली, इंद्रायणी आणि पवनेच्या खोऱ्यांत, गोष्ट वेगळी आहे. तिथली कित्येक नवी-जुनी घरे एके काळच्या भातखाचरांत उभी आहेत. खाचर म्हणजे मुद्दाम पाणी साठवायला केलेली जागा. पिढ्यान् पिढ्या तिथे चिखलणी झाली, तळाशी पाणी धरणारी माती बसली, चारी बाजूंनी बांध राहिले. खाचरावर दोन ट्रॉल्या मुरूम पसरून प्लॉट पाडला, म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरायचे, ते आता घराच्या जोत्याला येऊन थांबते. सातबारावर भातशेतीची नोंद होती का, शेजारच्या पडीक जागेत अजून बांध दिसतो का, पावसाळ्यात तिथे पाणी उभे राहते का, हे गावातल्या वयस्कर माणसाला विचारले की तो एका वाक्यात सांगतो. त्याचे ऐकावे.

सखल भागात काळी माती लागली, तर आणखी सावध राहावे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच, घराखालची जमीनही तेच करते. घराच्या मधोमध ओल फारशी बदलत नाही. कडेची आणि कोपऱ्यांची माती मात्र दर पावसाळ्यात भिजते आणि दर उन्हाळ्यात वाळते. म्हणून कोपरे वर्षातून एकदा उचलले जातात आणि एकदा खाली बसतात. अशा घरातली भेग मे महिन्यात उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते. ‘पावसाळ्यात आपोआप भरून येते’ असे मालक अगदी प्रामाणिकपणे सांगतो आणि तेच तिचे सर्वांत पक्के लक्षण असते. मुरूम लागेपर्यंत पाया खणावा, ही जुन्या गवंड्यांची शिस्त यासाठीच होती.

पाया हलला की भिंत ठरावीक रीतीने उकलते. ताजी भाकरी दोन्ही हातांत धरून तिची टोके खाली वाकवा, वरची कड आधी फाटते. घराचे कोपरे खचले की भेग वर रुंद आणि खाली निमुळती होते ती याच न्यायाने. मधला भाग खचला तर उलटे, भेग खाली रुंद. विटांच्या भिंतीत ती सांध्यासांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी चढते, कारण मसाला विटेपेक्षा कच्चा असतो. तिरप्या भेगेला काटकोनात एक रेघ खाली जमिनीकडे ओढली, असे मनात आणा. ती रेघ बहुधा खचणाऱ्या बाजूकडे जाते. त्या बाजूला जाऊन बघितले, तर पुष्कळदा तिथे फुटलेली पन्हळ, गळणारा नळ, शोषखड्डा किंवा तुंबलेले गटार सापडते. ते दुरुस्त केले की हालचाल थांबते, आणि मग ती भेग घाबरण्याजोगी उरत नाही. भेग मोठी दिसते म्हणून चांगले घर सोडून देणारेही मी पाहिले आहेत, त्याचे वाईट वाटते.

जुन्या घराला मागून जोडलेली खोली हा वेगळा प्रकार. मूळ घर पन्नास वर्षांपूर्वी बसून स्थिर झालेले, खोली दहा वर्षांची, तिचा पाया उथळ. दोहोंच्या सांध्यावर सरळ उभी फट पडते. त्यात सिमेंट भरले की ते पुढच्या वर्षी पुन्हा सुटते. तो सांधा मोकळाच ठेवून त्यावर पाणी जाऊ नये अशी पट्टी बसवणे शहाणपणाचे.

दगडी घरांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण खंडाळा-लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांत आणि मावळातल्या वाड्यांत लोकांचा जीव गुंततो तो त्या जाड भिंतींतच. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, या घाटातला महूकी मल्लीचा दगडी पूल कोसळला. दोष निघाला तो दगडकामात. जाड दगडी बांधकाम बाहेरून रेखीव दिसले, म्हणजे आतून एकसंध असते असे नाही. आपल्या जुन्या दगडी भिंती बहुधा दोन पदरी असतात: बाहेर एक थर, आत एक थर आणि मध्ये चिपा, माती, चुना यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर घातलेले असतील, तर ती भिंत दोनशे वर्षेही उभी राहते. ते घातले नसतील तर मधली भर पाण्याने धुपते, खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही थरांना बाहेर ढकलते. यालाच भिंतीला पोट येणे म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या अशाच जाड, दोन थर एकमेकांना न बांधलेल्या भिंतींखाली आणि वरच्या जड माळवदांखाली गेली. जाडी म्हणजे बळकटी, हा समज त्या पहाटेनंतर तरी कोणी बाळगू नये.

म्हणून दगडी घरात भेगेपेक्षा पोट आधी शोधावे. भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून लांबवर बघितले तरी फुगवटा कळतो. ओळंबा सोडला तर नक्की कळतो. हाताने ठोकून पाहावे, पोकळ आवाज येतो तिथे आतला थर सुटलेला असतो. कौलारू घरात वरचे वासेही पाहावेत. आढ्याखालची कैची सडली किंवा तिची आडवी तुळई कोणीतरी ‘अडचण होते’ म्हणून कापली असेल, तर वासे पाय फाकतात आणि भिंतीचा माथा बाहेर लोटतात. मग कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्याला, वर रुंद अशी उभी फट दिसते. इथे पायाचा काही संबंध नसतो, आणि पाया मजबूत करण्यावर घातलेले पैसे वाया जातात.

या घरांवर गेल्या काही दशकांत झालेला एक अन्याय म्हणजे चुन्यावर चढवलेला सिमेंटचा गिलावा. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि ऊन पडले की सोडून देतो. त्याच्या बारीक चिरांत पाणी शिरले तरी विरघळलेला चुना तिथेच पुन्हा साचून चीर बुजते. सिमेंटचा थर टणक. तो स्वतः तडकतो, त्या तड्यातून पाणी आत घेतो आणि मग त्याला बाहेर पडू देत नाही. भिंत आतून मऊ होत जाते आणि बाहेरून ठणठणीत दिसते. दगडी बंगल्याच्या भिंतीवर सिमेंटच्या गिलाव्याला जाळीदार भेगा असतील आणि खालच्या तीन फुटांत पांढरे क्षार फुललेले असतील, तर आतला चुना अजून शाबूत आहे का ते एका जागी गिलावा फोडून बघण्याची परवानगी मागावी. मालक नाही म्हणाला, तर त्या नकाराचीही नोंद घ्यावी.

आता चाळीसेक वर्षांपूर्वीच्या स्लॅबच्या बंगल्यांकडे येऊ. विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टाकलेल्या घरात वरच्या मजल्याला, छताच्या लगेच खाली, आडवी सरळ भेग असते. दहा मीटर लांबीचा स्लॅब तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे ३ मिलिमीटर वाढतो किंवा आखडतो. खालची भिंत तेवढी सरकत नाही, म्हणून सांध्यावर चीर पडते. ही उन्हाची भेग, तिने घर पडत नाही. पण लोणावळ्यात तीच पाण्याचा दरवाजा होते. गळती लागली की मालक गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो. पुढचा मालक त्यावर दुसरा थर देतो, तिसरा त्यावर फरशी बसवतो. प्रत्येक थराचे वजन त्याच स्लॅबवर पडते. स्लॅबच्या मधोमध खालून लांब भेग दिसली, तर गच्चीवर जाऊन कठड्याची उंची मोजावी. कठडा गुडघ्याएवढा उरला असेल, तर वर किती थर चढले आहेत ते समजेल. गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असेल तर तिला नाक मुरडू नका. या पावसात तिने स्लॅब वाचवलेला असतो.

काँक्रीटमधली खरी भीतीची भेग मात्र वेगळीच असते. ती खांबाच्या कडेने उभी किंवा तुळईच्या तळाने लांबवर, आतल्या सळईच्या रेषेत जाते. काँक्रीट ताजे असताना त्याच्या अल्कधर्मी गुणाने सळई गंजापासून सुरक्षित राहते. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल आत शिरत गेली की तो गुण ओसरतो आणि लोखंड गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधी कधी सहापटीपर्यंत जागा मागतो. तो आतून काँक्रीट फोडतो. म्हणजे भेग दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. तपकिरी डाग आणि ठोकल्यावर पोकळ आवाज ही सोबतची लक्षणे. पीओपीचे छत किंवा लाकडी पॅनेल नेमक्या स्वच्छतागृहाखालच्या खोलीत असेल, तर ते उघडून बघण्याचा आग्रह धरावा.

भेग जिवंत आहे की जुनी, हे ओळखायला जमते. आत धूळ, कोळ्याचे जाळे किंवा जुना रंग उतरलेला दिसला, तर ती बरीच वर्षे तशीच आहे. कडा टोकदार आणि आतला भाग स्वच्छ असला तर ती ताजी. खात्री करायची तर भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. भिंत हलली की काच तडकते. काच नको असेल, तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करून तारीख घालावी आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघावे. दारांवरून अंदाज घेताना एवढे लक्षात ठेवा की पावसाळ्यात मावळात सगळ्यांचीच दारे फुगतात. दार मे महिन्यातही वरच्या एकाच कोपऱ्यात घासत असेल, तर चौकट वाकडी झाली आहे.

यापुढचे वाचताना थोडे थांबा, कारण इथे प्रश्न घराच्या किमतीचा राहत नाही. काही भेगा भिंतीत नसून घरामागच्या जमिनीत असतात. डोंगरउतारावर, घराच्या वरच्या अंगाला, जमिनीत कमानीसारखी भेग, तिरपे झालेले विजेचे खांब आणि झाडे, अचानक फुटलेला किंवा गढूळ झालेला झरा, फुगलेली आणि पाणी सोडायची छिद्रे बुजलेली संरक्षक भिंत. ही लक्षणे घराची नसून डोंगराची आहेत. मावळातच १९८९ च्या जुलैमध्ये भाजे गावावर दरड आली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण १५१ माणसांसह गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखालच्या इर्शाळवाडीवर डोंगर उतरला. तिन्ही वेळा महिना एकच, जुलै, सलग मुसळधार पावसाचा. अशी लक्षणे दिसणारे घर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. आणि राहत्या घरामागे ती पावसात दिसली, तर सामान आवरत न बसता माणसांनी बाहेर पडावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे करून घ्यावी लागते. सुटा बंगला घेणाऱ्याने ती स्वतःहून करून घ्यावी, आणि विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेल्या माणसाकडून नव्हे. संरचना अभियंत्याला घर दाखवताना भेगांची यादी देऊ नका. घराचा इतिहास द्या: कधी बांधले, कोणती खोली नंतरची, गच्चीवर किती वेळा काम झाले, पाणी कुठून येते. त्याच्या अहवालात ‘भेगा भराव्यात’ एवढेच लिहिले असेल, तर कारण काय, असे विचारा. कारण लिहिल्याशिवाय दिलेला उपाय स्वीकारू नका.

आणि शेवटची विनंती. मे महिन्यात घर आवडले असेल, तर बयाणा देण्याआधी जुलैपर्यंत थांबा. छत्री घेऊन भर पावसात एकदा जा. दारात उभे राहण्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात, पन्हळीचे पाणी जोत्यापासून लांब जाते की मुळाशीच मुरते, मागच्या चढावरून ओहोळ कुठे वळतो, ते पाहा. मग आत जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावा.